सोलापुरातले संमोहन उपचार: पैसे कुठे द्यावेत आणि कुठून उठून यावं

संमोहनाच्या नावाखाली सोलापुरात आज चार निरनिराळ्या गोष्टी मिळतात. मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ आपल्या दवाखान्यात देतात तो उपचार. हॉटेलच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार भरणारी शिबिरं. मोबाईलवर ऐकायची मराठी रेकॉर्डिंग. आणि विजेच्या खांबांवर चिकटवलेल्या पत्रकांतलं ‘वशीकरण, करणी, प्रेमविवाह, खात्रीने’.

घराघरांत मात्र या चारही गोष्टींना एकच नाव आहे आणि त्यांच्याबद्दल एकच भीती आहे, ती म्हणजे कुणीतरी आपलं मन ताब्यात घेईल. देवधर्म पाळणाऱ्या घरात ही भीती जास्त उघडपणे बोलली जाते. ती हसण्यावारी नेऊ नये. सेवा चांगली की वाईट हे ठरवायला याहून चांगली कसोटी आम्हाला माहीत नाही. सत्र संपल्यावर माणसाचा स्वतःच्या मनावरचा ताबा वाढला की कमी झाला, हे बघायचं. याच कसोटीवर हा आढावा लिहिला आहे. कुठल्याही एका दवाखान्याची पाटी डोळ्यासमोर नाही, म्हणून नावं दिलेली नाहीत. जे दवाखान्यात बसून पाहता येतं आणि फोनवर विचारता येतं, तेवढंच इथे आहे.

आधी संमोहन म्हणजे काय ते थोडक्यात. लक्ष एका ठिकाणी एकवटलेलं, अंग सैल, आजूबाजूचं भान मागे सरकलेलं आणि सूचना पटकन मनावर घेण्याची तयारी, अशी ती अवस्था असते. ही झोप नाही. माणसाला आवाज ऐकू येतो, नको असेल तेव्हा डोळे उघडता येतात आणि न पटणारी सूचना नाकारता येते. अठराव्या शतकात मेस्मर नावाचा डॉक्टर सांगत असे की उपचार करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकीय प्रवाह रुग्णात जातो. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली, तीत बेंजामिन फ्रँकलिनही होता. असा कुठलाही प्रवाह नाही, परिणाम कल्पनाशक्तीचा आहे, असं या समितीने सांगितलं. त्यानंतरचं महत्त्वाचं पाऊल आपल्या शेजारच्या माणसाने टाकलं. गोव्यात कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेले आबे फारिया हे कॅथलिक पाद्री. १८१३ पासून पॅरिसमध्ये ते लोकांसमोर प्रयोग करून दाखवत आणि ठासून सांगत, की ताकद माझ्यात नाही, समोर बसलेल्या माणसाच्या एकाग्रतेत आहे. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे, हात पसरून उभे आणि समोर मागे रेललेली बाई. पुतळा बघून वाटतं की बाईला या माणसाने ‘पाडलं’. फारियांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. चांगला उपचारक आजही पहिल्या भेटीत हेच सांगतो. न सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

आता दवाखान्यातल्या सेवेकडे येऊ. पैसे द्यावेत अशी खरी जागा हीच आहे, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहितो.

पहिली भेट सव्वा ते दीड तासाची असावी आणि तिचा निम्मा वेळ बोलण्यात गेला पाहिजे. या बोलण्यात पुढचे प्रश्न यायलाच हवेत. फिट येतात का? कधी भास झाले होते का, नसलेले आवाज ऐकू आले होते का? अतिउत्साहाचे झटके येऊन गेलेत का? जीव द्यावा असे विचार येतात का? गोळ्या कुठल्या चालू आहेत? दारूचं प्रमाण किती? भास किंवा अतिउत्साहाचा आजार असलेल्याला थेट संमोहनात नेणं धोक्याचं आहे. तिथे आधी औषधोपचार हवा, आणि मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. आणखी एक खूण. ‘संमोहन सुरू केलं की गोळ्या बंद करा’ असं कुणी म्हटलं, तर खुर्चीतून उठून बाहेर यावं.

त्याच भेटीत भीतींची यादी घेतली पाहिजे. सोलापुरात याला खास महत्त्व आहे. इथले बरेच उपचारक मन शांत करायला सिद्धेश्वर तलावाचं चित्र उभं करतात. पायऱ्यांवर बसला आहात, पाणी संथ आहे, समोर मंदिर आहे. बहुतेकांना ते भावतं. पण पाण्याची भीती असलेल्याचा किंवा घरात कुणी बुडून गेलेल्याचा श्वास तिथेच अडकतो, छाती धडधडते आणि माणूस पुन्हा येत नाही. खाली जाणाऱ्या जिन्याचं चित्र अंधाराला घाबरणाऱ्याला चालत नाही. दम्याच्या माणसाला ‘श्वासाकडे लक्ष द्या’ म्हटलं की तो श्वास मोजत बसतो आणि धाप लागल्यासारखं वाटतं. त्याला तळपायांकडे किंवा हाताच्या उबेकडे न्यावं. हे सगळं विचारायला दहा मिनिटं पुरतात. न विचारल्याची किंमत अख्खं सत्र असते.

मग सूचनक्षमतेच्या, म्हणजे माणूस सूचना किती पटकन मनावर घेतो याच्या, चाचण्या. एका हातात पाण्याने भरलेली बादली आणि दुसऱ्या मनगटाला फुगा बांधलाय अशी कल्पना करायची. डोळे मिटून दोन मिनिटांत दोन्ही हातांत किती अंतर पडतं ते बघायचं. बोटं एकमेकांकडे ओढली जाताहेत अशी कल्पना ही दुसरी चाचणी. प्रयोगशाळेत यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ पासून तयार झालेली बारा कसोट्यांची मोजपट्टी वापरतात. ढोबळमानाने दहा-पंधरा टक्के लोक फार लवकर आणि खोल जातात, जवळपास तितकेच जवळजवळ जातच नाहीत, उरलेले मधले. हात हलला नाही म्हणजे माणूस हट्टी आहे किंवा त्याचा विश्वास कमी आहे, असं नाही. उपचारक ‘तुमची श्रद्धा कमी पडते’ म्हणाला तर त्याला विषय कळलेला नाही.

खोलीकडे बारकाईने बघा. खुर्ची मागे रेलणारी, डोक्याला आणि पोटऱ्यांना आधार देणारी हवी, चाकं नकोत. डोक्याला आधार नसेल तर दहा मिनिटांत मान पुढे कलंडते आणि नंतर दिवसभर दुखते. कॉट नको. आडवं झालं की माणूस खरंच झोपतो, घोरायला लागतो आणि सूचना वाया जातात. शिवाय बाईमाणसाला ते अवघडवाणंही होतं. पंख्याचा झोत थेट चेहऱ्यावर आला तर टक लावताना डोळे कोरडे पडून चुरचुरतात. पूर्ण काळोख करू नये. अंग सैल पडल्यावर हातपाय गार वाटू लागतात, एसी चालू असेल तर जास्तच, म्हणून गुडघ्यांवर पांघरूण लागतं. इथे जाड सोलापुरी चादर हाताशी असतेच आणि मायेने ती पांघरलीही जाते. पण तिचं वजन मांड्यांवर जाणवत राहतं आणि ‘अंग हलकं होतंय’ ही सूचना बसत नाही. पातळ, जुनी, धुऊन मऊ झालेली चादर घ्यावी. चश्मा काढावा, कानाचं यंत्र मात्र काढू नये. पट्टा एक घर सैल करावा. मोबाईल विमान मोडवर.

शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, दवाखाना असेल तर मागाची खटखट येणारच. खिडक्या बंद करून ती जात नाही, आणि उपचारक मध्येच थांबून ‘आवाजाकडे दुर्लक्ष करा’ म्हणाला तर लक्ष हमखास तिकडेच जातं. जाणता उपचारक तो आवाज कामाला लावतो, ‘बाहेरचा ठोका पडतोय, प्रत्येक ठोक्याला खांदे थोडे खाली येताहेत.’ विणकरांच्या घरात वाढलेल्यांना हे सगळ्यात लवकर लागू पडतं.

प्रत्यक्ष संमोहनात नेण्याची साधी रीत अशी. भुवयांच्या जरा वर, चार-सहा फुटांवरच्या एका ठिपक्यावर नजर. डोळे आपोआप थकतात. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यवैद्याने १८४० च्या दशकात हीच रीत रूढ केली. दोन-तीन मिनिटांत पापण्या जड झाल्या नाहीत तर सरळ ‘डोळे मिटा’ म्हणावं. हट्टाने दहा मिनिटं टक लावायला लावलं की डोकं दुखतं. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेल्याला हे करूच नये. नंतर पायांच्या बोटांपासून टाळूपर्यंत एकेक भाग सैल सोडणं, आठ-दहा मिनिटं. मग दहापासून एकपर्यंत उलटे आकडे, प्रत्येक आकडा समोरच्याच्या उच्छ्वासाबरोबर. घाई करणारा इथेच पकडला जातो. तो स्वतःच्या श्वासावर आकडे म्हणतो.

सूचना कशा दिल्या जातात यावर निम्मा निकाल ठरतो. ‘उद्यापासून मावा (तंबाखू-सुपारीचा) खाणार नाही’ ही वाईट सूचना, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर मावाच येतो. ‘हात खिशाकडे गेला की आधी तीन श्वास, मग घोटभर पाणी, मग ठरवतो’ ही चांगली. हात, खिसा, पाणी, सगळं रोजच्यातलं, आणि शेवटी ठरवणारा माणूस स्वतः. भाषा घरची हवी. पद्मशाली या तेलुगू विणकर समाजातल्या घरातली आजी बाहेर मराठी छान बोलते, पण रात्री दचकून उठते तेव्हा तेलुगूतच बोलते. तिला सूचना तेलुगूतच मिळायला हव्यात. कुणाला कानडी, कुणाला दखनी. आणि मराठी असली तरी बोलण्यातली. ‘स्नायू शिथिल होत असल्याची अनुभूती घ्या’ म्हटलं की माणूस अर्थ लावत बसतो. ‘खांदे सोडून द्या’ पुरतं. उपचारकाला तुमच्या घरची भाषा येत नसेल तर मुख्य चार वाक्यं तुमच्याकडून तुमच्या भाषेत लिहून घेऊन ती तशीच म्हणणारा उपचारक चांगला समजावा.

संमोहनातून बाहेर आणणं सगळ्यात दुर्लक्षित. एक ते पाच आकडे, आणि प्रत्येक आकड्याला आधी दिलेली सूचना परत घ्यायची. पाय जड केले होते, आता नेहमीसारखे. हात हलका होता, आता आपला. आवाज लांब गेला होता, आता जवळ. नुसतं ‘डोळे उघडा’ म्हणून सोडलं की तासभर डोकं जड, चक्कर, कुठेतरी हरवल्यासारखं वाटत राहतं. याच अवस्थेत लोक घरी जाऊन सांगतात, ‘काहीतरी करून पाठवलं.’ करणीचा संशय पुष्कळदा इथून जन्म घेतो. डोळे उघडल्यावर दहा मिनिटं बसवावं, पाणी द्यावं, आजचा वार आणि घरी जायचा रस्ता विचारावा. त्यानंतरच गाडीची किल्ली. सात रस्ता चौकाच्या गर्दीत अर्धवट जाग घेऊन स्कूटर घालणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

मध्येच रडू फुटणं ही नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा खांद्यावर हात ठेवायचा नाही, ‘रडू नका’ म्हणायचं नाही, आणि ‘अजून आत जा, काय दिसतंय ते सांगा’ असं तर मुळीच नाही. ‘मी इथे आहे, तुम्ही खुर्चीत आहात, पाय जमिनीला लागलेत’ एवढं संथपणे म्हणत राहायचं, आणि दोन-तीन मिनिटांत ओसरलं नाही तर शांतपणे बाहेर आणायचं. हे कसं हाताळता, असं फोनवरच विचारून घ्या. उत्तर अडखळत आलं तर दुसरा दवाखाना बघा.

उपयोग कशाला होतो? आतड्याच्या संवेदनशीलतेच्या त्रासात पुरावा चांगला आहे. पोटात मुरडा, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, सगळे रिपोर्ट स्वच्छ, असा तो त्रास. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी अशा तीस रुग्णांपैकी निम्म्यांना संमोहनाची अर्ध्या-अर्ध्या तासाची सात सत्रं देऊन, बाकीच्यांच्या तुलनेत ठळक सुधारणा दाखवली. औषधांनी वर्षभरात गुण न आलेल्यांसाठी ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात २००८ पासून हा पर्याय आहे. दातांच्या उपचारांची भीती, सुईची भीती, छोट्या शस्त्रक्रियांआधीची घबराट, वेदना सोसणं, यांतही मदत होते. सिगारेट सोडण्यासाठी मात्र इतर उपायांपेक्षा संमोहन सरस ठरतं, असा पक्का पुरावा नाही. ‘एका बैठकीत व्यसन बंद’ या पाटीला पैसे देऊ नयेत.

आता देवधर्माचं. अडखळणारे लोक सर्वांत जास्त इथेच अडखळतात, आणि दवाखाने इथे सर्वांत कमी तयारीत असतात.

हिंदू घरातला आक्षेप बहुतेक वेळा वशीकरणाशी जोडलेला असतो, कारण तंत्रातल्या षट्कर्मांत मारण (जीव घेणं), उच्चाटन (हुसकावून लावणं) यांच्या पंक्तीत वशीकरण बसतं. त्याच परंपरेत दुसऱ्या बाजूला त्राटक, म्हणजे टक लावून बघणं, आहे, हठयोगाच्या शुद्धिक्रियांपैकी एक, आणि ते माणूस स्वतः स्वतःसाठी करतो. दोन्हींत एकाग्रता असते, फरक ताब्याचा. सर्वांत विचारपूर्वक आक्षेप स्वामी विवेकानंदांनी राजयोगावरच्या व्याख्यानांत घेतला होता. त्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या इच्छाशक्तीने मन गप्प केलं जातं तेव्हा ते सुधारत नाही, दर वेळी थोडं दुबळं होतं. आमच्या मते हा आक्षेप खोडून काढायचा नसतो, उपचाराच्या रचनेत घ्यायचा असतो. म्हणजे तिसऱ्या सत्रापर्यंत स्वसंमोहन शिकवलंच पाहिजे: घरी, रोज, दहा-बारा मिनिटं, स्वतःच्या सूचना स्वतः देऊन. सहा सत्रांनंतरही माणूस उपचारकाच्या आवाजावाचून शांत होऊ शकत नसेल, तर विवेकानंदांचा आक्षेप त्या दवाखान्याला तंतोतंत लागू पडतो.

तुळजापूर हाकेच्या अंतरावर आणि गाणगापूर जवळ. सोलापुरात ‘अंगात येणं’ घराघरांत माहीत आहे. ज्यांच्या अंगात येतं किंवा घरात कुणाच्या येतं, त्यांनी ते पहिल्याच भेटीत सांगावं. लाजायचं कारण नाही. तालबद्ध आवाज, घुमणं, धुपाचा वास यांनी सरावलेलं मन संमोहनातही लवकर खोल जातं आणि कधी खुर्चीतच घुमायला लागतं. अशा वेळी उपचारकाने ‘तू कोण? काय पाहिजे?’ असे प्रश्न विचारू नयेत. तो मांत्रिकाचा खेळ झाला, आणि उत्तर मागितलं की उत्तर मिळतंच. आवाज स्थिर ठेवायचा, माणसाला त्याच्या रोजच्या नावाने हाक मारायची, पाय जमिनीवर टेकवायचे, डोळे उघडायला लावायचे. देवीला नावं ठेवायची नाहीत आणि देवीच्या नावाने आदेशही द्यायचे नाहीत.

लिंगायत समाजातल्यांसाठी एक गोष्ट उपचारकाला आधीच माहीत हवी. गळ्यातलं इष्टलिंग उतरवायला सांगायचं नाही, ‘धातू काढून ठेवा’ या नेहमीच्या वाक्यातही नाही. शिवाय डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन त्यावर दृष्टी स्थिर करण्याची पूजा ज्यांच्या रोजच्या अंगवळणी आहे, त्यांना टक लावणं शिकवावं लागत नाही. पण त्या पूजेचीच नक्कल दवाखान्यात करू नये. पूजा पूजेच्या जागी, ठिपका ठिपक्याच्या जागी. वारकऱ्याच्या तुळशीमाळेलाही हेच लागू. नामस्मरणाची लय सत्रात आणायची की नाही हे फक्त समोर बसलेल्याने ठरवावं. उपचारकाने स्वतःहून ‘रामकृष्ण हरि म्हणा’ सांगितलं, की उपचार कुठे संपला आणि गुरुपदेश कुठे सुरू झाला ते कळत नाही.

मुसलमान घरांतला प्रश्न ‘हे सिहर (जादूटोणा) तर नाही?’ असा येतो. उलेमांमध्ये, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांमध्ये, एकमत नाही. काही जण जिन्नांशी किंवा दुसऱ्याचा ताबा घेण्याशी जोडून मनाई करतात. काही जण डॉक्टरी उपचार म्हणून, हराम काही न मिसळता, चालतं असं मानतात. आपल्या मशिदीतल्या जाणत्या माणसाला विचारताना ‘संमोहन चालतं का’ असं मोघम विचारू नका. कोण करणार, कशासाठी, त्यात मंत्र-तावीज आहे का, भान राहतं का, हे सगळं सांगून विचारा, म्हणजे उत्तरही नेमकं मिळेल. बाईसाठी सोबत घरचं माणूस खोलीत बसू देणारा दवाखाना निवडावा. खरं तर ही सोय सगळ्याच बायकांना मिळाली पाहिजे.

ख्रिस्ती वाचकांसाठी: रोमच्या धर्मपीठाने १८५६ मध्ये मेस्मरच्या वाटेवरच्या चुंबकविद्येच्या नावाखाली चालणाऱ्या भविष्यकथनाला आणि गैरवापराला सक्त विरोध केला होता. पुढे पोप बारावे पायस यांनी १९५६ आणि १९५७ मध्ये डॉक्टरांपुढच्या भाषणांत, वैद्यकीय कारणासाठी, जाणकार डॉक्टरच्या हातून आणि योग्य काळजी घेऊन संमोहन वापरायला हरकत नाही, असं स्पष्ट केलं. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट आणि यहोवाचे साक्षीदार मात्र आजही ठामपणे नाही म्हणतात. त्या घरातल्या रुग्णाला आग्रह करू नये. अंग सैल सोडण्याचे व्यायाम आणि समुपदेशन यांनीही बरंच साधतं.

उपास आणि रोज्याबद्दल दवाखाने क्वचितच सूचना देतात, म्हणून इथे देतो. नवरात्रातले नऊ दिवस, श्रावणातले सोमवार, एकादशी, रमजान, अशा दिवसांत उपाशीपोटी लांब सत्र घेतलं तर साखर उतरते, उठताना चक्कर येते आणि दोष संमोहनाला लागतो. मधुमेहाच्या रुग्णाने तर हे करूच नये. फराळानंतर तासाभराने किंवा इफ्तार होऊन जरा वेळ गेल्यावर वेळ घ्यावी. नळाला पाणी येण्याच्या दिवशीही वेळ घेऊ नका. पाणी भरायचं राहिलंय हे डोक्यात असताना कुणीही सैल पडत नाही.

शिबिरांबद्दल थोडक्यात. पन्नास-साठ जणांना एकदम संमोहित करताना कुणाला फिट येतात, कुणाला भास होतात हे विचारलेलं नसतं, आणि कोपऱ्यात कुणी रडत असेल तर त्याच्याकडे बघायला माणूस नसतो. मंचावर बोलावलेले चार जण लाकडासारखे कडक होतात, कारण आधीच्या चाचण्यांत सगळ्यात सूचनक्षम लोक हेरलेले असतात आणि शेकडो डोळ्यांसमोर ‘नाही होत’ म्हणायला धीर लागतो. दोन खुर्च्यांच्या मध्ये आडवं करून पोटावर उभं राहण्याचा प्रकार तर मणक्याला सरळ इजा करणारा आहे. करमणूक म्हणून दुरून बघावं, पैसे भरून आरोग्यासाठी जाऊ नये.

याच शिबिरांत आणि काही दवाखान्यांतही ‘पूर्वजन्म दर्शन’ विकलं जातं. याला आमचा विरोध आहे, आणि पुनर्जन्म मानणाऱ्यांनीही तो करावा. संमोहनात माणूस जे ‘आठवतो’ ते खरं आहे की तिथल्या तिथे जुळवलेलं, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. ठाम मात्र वाटतं. अमेरिकन वैद्यकीय संघटनेने १९८५ मध्येच सांगितलं, की संमोहनात काढलेल्या आठवणी साध्या आठवणींपेक्षा अधिक भरवशाच्या नसतात. ‘मागच्या जन्मी सासूने विष दिलं’ एवढ्या एका वाक्यावर या जन्मीचं घर मोडतं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तर एक प्रकार नाव घेऊन गुन्हा ठरवला आहे: अंगात विशेष शक्ती असल्याचं भासवून, मागच्या जन्मी आपण पती-पत्नी किंवा प्रियकर-प्रेयसी होतो असं सांगून लैंगिक संबंध ठेवणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. खांबावरच्या वशीकरणवाल्यांचे दावेही याच कायद्यासमोर येतात. जादूच्या इलाजांच्या जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा केंद्राचा कायदाही आहे. पत्रकाचा फोटो काढून पोलीस ठाण्यात द्यावा. अशा जागी संमोहन नसतंच, भीती असते आणि हप्त्याने वाढत जाणारे पैसे असतात.

मोबाईलवरची रेकॉर्डिंग झोप लागण्यासाठी आणि दिवसाचा ताण उतरवण्यासाठी ठीक आहेत. निवडताना शेवटची दोन मिनिटं आधी ऐका. जागं करणारे आकडे नसतील तर ती फक्त झोपताना लावायची, दुपारी किंवा प्रवासात नाही. सुरुवातीला ‘गाडी चालवताना ऐकू नये’ ही सूचना नसेल तर बनवणाऱ्याला विषय माहीत नाही. पार्श्वसंगीत आवाजावर चढत असेल, किंवा कुठल्याही देवतेचा बीजमंत्र न विचारता मागे वाजत असेल, तर सोडून द्या. दवाखान्यात जाणाऱ्यांनी दुसऱ्या सत्रात आपल्या उपचारकाकडून स्वतःच्या फोनवर पंधरा मिनिटांचं ध्वनिमुद्रण करून घ्यावं. बाजारातल्या कुठल्याही रेकॉर्डिंगपेक्षा ते जास्त लागू पडतं, कारण त्यात तुमचा तलाव किंवा तुमचा मळा असतो आणि तुमची भाषा असते.

वेळ घेण्याआधी फोनवर एवढं विचारा: पात्रता काय? मनोविकारतज्ज्ञ असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा. नुसतं संमोहनाचं प्रमाणपत्र भिंतीवर असणं पुरेसं नाही, त्या नावाची वेगळी सरकारी नोंदणी अस्तित्वात नाही. फी सत्रागणिक घेता की दहा सत्रांचं पॅकेज आधी भरायचं? सत्रागणिक घेणाऱ्याकडे जा. भीतीसाठी चार ते सहा, पोटाच्या त्रासासाठी सात ते बारा सत्रं हा साधारण अंदाज धरा, आणि तिसऱ्या सत्रानंतर काहीच फरक नसेल तर थांबून मोकळेपणी बोला. संमतीपत्र मराठीत आहे का? सोबतीचं माणूस बसू शकतं का? चित्रीकरण होतं का, होत असेल तर ते कुठे ठेवतात?

खासगी फी परवडत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात आधी दाखवून घ्यावं. संमोहन तिथे मिळेलच असं नाही, पण आजार काय आहे हे कळतं आणि पुष्कळदा संमोहनाची गरजच उरत नाही. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतूनही आहे. जीव नकोसा झालेल्या माणसाने संमोहनाची वेळ घेत बसू नये, आधी हा फोन करावा.